फोटो ग्रुपवर टाकला, म्हणजे जपला?

स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे फोटो जपणं नव्हे! व्हॉट्सॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, वर तारीख-वेळेची एक्झिफ माहितीही गळून पडते. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, पण तीही मूळ फाईल नव्हेच. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा की राव, दोनच टिचक्या जास्त लागतात.

"क्लाऊडवर आहे ना" म्हणणाऱ्यांना साष्टांग दंडवत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून संपली.

आणि फोटो तरी कसले? केक कापतानाचे, नाहीतर रांगेत उभं राहून हसतानाचे. मटार सोलणारी आजी, पेपर तोंडावर घेऊन झोपलेले बाबा कुणी टाकतच नाही. का, तर "काय तो अवतार!"

ओळखीतले एक आजोबा गेले. दहा वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतो, म्हणून भिंतीवरचा फोटो करायचं काम माझ्याकडे आलं. मिळाला काय, तर लग्नातल्या ग्रुप फोटोची कुठूनशी फॉरवर्ड झालेली कॉपी. त्यातून चेहरा कापला. फेटा भाड्याचा, हसू फोटोग्राफरच्या सांगण्यावरून. मोठा केला तर डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. आजी बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "हे असे नव्हते रे."