सुट्टीआधीचा अर्धा तास

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस शाळेत नुसते वाहून जातात. आकाशकंदील होतात, पणत्या रंगतात, पण जूनपासून काय पदरात पडलं हे मुलांना कुणी विचारत नाही. मला ते फार लागतं. गेल्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात मी शेवटच्या दिवशी अर्धा तास राखून ठेवला. पाठकोऱ्या कागदांचे तुकडे वाटले, नाव घालू नका म्हणून सांगितलं आणि फळ्यावर एवढंच लिहिलं : अजून काय कळलेलं नाही? पाच मिनिटं सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मग चिठ्ठ्या आल्या. एक तर खोडून खोडून पातळ झालेली : 'छेद सारखे करता येतात. का करायचे ते माहीत नाही.' या लेकराला त्या गणिताचे पैकीच्या पैकी गुण मिळालेही असतील. उत्तरपत्रिकेत ही ओळ उमटायला जागाच नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात मुलांनी स्वतःचं आणि सोबत्यांचं केलेलं मूल्यमापन असावं असं म्हटलंय. योग्यच आहे. मात्र नुसते रकाने भरून हे साधणार नाही, चिठ्ठी वाचून तिच्यामागे जाणारं माणूस हवं. सुट्टीनंतर पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलं नाही. डब्यातून दोन भाकऱ्या काढल्या, एकीची अर्धी आणि दुसरीचा तिसरा हिस्सा टेबलावर ठेवला आणि विचारलं, 'हे मिळून किती झालं, सांगता येईल?'