शर्यत चालू ठेवावी काय?

नाशिक जिल्ह्याला घोड्याचे वेड नवे नाही. येवल्याचा घोडेबाजार प्रसिद्धच आहे, आणि उत्तरेस तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत दूरदूरचे घोडे येतात. आमच्या वसतिगृहातील काही मुलेही घोडे पाळणाऱ्या घरांतील आहेत. अशा मुलखात दीर्घ पल्ल्याच्या अश्वारोहण स्पर्धांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु एक-दोन हंगाम स्पर्धेत उतरल्यावर स्वारापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याची चर्चा कोणी करीत नाही : पुढे उतरावे की थांबावे?

हा प्रश्न स्वाराच्या हौसेवर किंवा ऐपतीवर सोडविता येईल, असे आम्हांस वाटत नाही. शर्यत दोघांची असते आणि बोलता एकालाच येते.

1955 साली कॅलिफोर्नियात एका दिवसात शंभर मैलांची शर्यत सुरू झाली, तेथून या खेळाला आजचे रूप आले. प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतो. ठरलेल्या अवधीत नाडी साधारणतः मिनिटाला 64 पर्यंत उतरली नाही किंवा दुडकीत लंगडेपणा दिसला, तर घोडा बाद. नियम उत्तम आहे. मात्र तो पुरेसा नाही. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात, स्नायू आखडतात, आतडी मंदावतात. शिवाय घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य, त्यामुळे वेदना लपविणे त्याच्या रक्तातच आहे. ‘अजून धावतो आहे ना!’ हा स्वाराचा युक्तिवाद म्हणूनच पोकळ ठरतो. 2018 मध्ये अमेरिकेतील ट्रायॉन येथे जागतिक स्पर्धेची ही शर्यत उष्मा व दमटपणामुळे मध्येच रद्द करावी लागली. पशुवैद्यांचा ताफा तेथेही होताच.

कोणी कायद्याकडे बोट दाखवील. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. पण मुभा मिळाली म्हणजे निर्णय झाला, असे नव्हे.

अटकेपार गेलेल्या घोडदळाचा दाखलाही नेहमी दिला जातो. त्या घोडदळात बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा गेला की शिलेदाराची रोजी गेली, म्हणून तो त्याला जपे. आजच्या स्पर्धकांत बारगीर फार झाले आहेत, हे आमचे स्पष्ट मत आहे. (पाली निदानकथेतील कंथकाने एका रात्रीत तीस योजने कापली म्हणतात; अनोमेच्या तीरी मात्र सिद्धार्थ स्वतःहून खाली उतरला.)

तेव्हा आमची कसोटी साधी आहे. गेल्या हंगामात पशुवैद्याने हटकण्यापूर्वी आपण स्वतःहून एकदा तरी घोडा थांबविला होता काय? ज्याला ‘होय’ म्हणता येते, त्याने खुशाल पुढे उतरावे. इतरांनी निदान एक वर्ष थांबून घोडा केवळ रपेटीला न्यावा, तोही उन्हाळ्यात नव्हे.

आणखी एक हिशेब राहतोच. घोडा पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. स्पर्धेची वर्षे त्यातली थोडी. उरलेल्या वर्षांचा चारा, नालबंदी व तबेल्यातील जागा यांची तरतूद ज्याने केलेली नाही, त्याने स्पर्धेसाठी दुसरा घोडा विकत घेऊ नये.