भिडेचा धूर

ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांतल्या सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत, त्यांना साहेबांच्या मेजावर दौत, टाचण्यांची डबी आणि काचेचा पेपरवेट यांच्या पंक्तीला मानाने बसलेला अ‍ॅशट्रे खचित आठवत असेल. टिपणावर सही होईतो समोर उभा राहिलेला कारकून तो धूर निमूटपणे सोशीत असे आणि खोकल्याची उबळ आलीच, तर व्हरांड्यात जाऊन खोकत असे. कारण वरिष्ठाला हटकणे नोकरीच्या शिस्तीत बसत नव्हते आणि बरोबरीच्याला हटकणे सभ्यतेत. न ओढणाऱ्यालाही परक्याच्या धुराची बाधा होते, अतिधूम्रपान करणाऱ्यांच्या निर्व्यसनी पत्नींनाही फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो, हे ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने १९८१ साली दाखवून दिले खरे. परंतु शास्त्राला जे कळले ते भिडेला थोडेच कळते!

मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेलगाड्या आदी ठिकाणी धूम्रपानास मज्जाव केला. २००३ साली संसदेने कायदा केला. आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, जे नियम अमलात आले त्यांनी खाजगी कामाच्या जागाही या कक्षेत आणल्या. दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा बोलबाला पुष्कळ झाला. पण माझ्या मते त्या नियमांतील खरे मर्म दोन किरकोळ दिसणाऱ्या कलमांत आहे. अशा जागी अ‍ॅशट्रे, काड्यापेटी वा लायटर पुरवू नये, हे एक. आणि तक्रार कोणाकडे करावी त्या इसमाचे नाव ठळकपणे लावावे, व त्याने तक्रारीची दखल न घेतल्यास जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावरही बसावा, हे दुसरे. मेजावरून अ‍ॅशट्रे उठला, तेव्हा साहेबांच्या सवयीला लाभलेली सरकारी मान्यताही उठली. आणि ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ हा फलक भिंतीवर लागल्याबरोबर, जे शब्द कारकुनाच्या ओठांवर येऊन विरत असत ते उच्चारण्याची जबाबदारी कायद्याने आपल्या शिरावर घेतली.

अंमलबजावणीची कथा मात्र निराळी आहे. फलक झळकतो, नावाची जागा कोरी असते. किंवा नाव असलेच तर ते हाताखालच्या एखाद्या गरीब कर्मचाऱ्याचे असते, ज्याने जिन्याच्या वळणावर झुरके घेणाऱ्या वरिष्ठाकडून दंड वसूल करावा अशी अपेक्षा! असल्या व्यवस्थेत कायद्याने हाकललेली भीड मागल्या दाराने पुन्हा कचेरीत शिरते. तेव्हा दंडाची रक्कम वाढवा, अशी ओरड करण्यापूर्वी एवढीच तजवीज व्हावी की, त्या फलकावर कार्यालयप्रमुखाचे स्वतःचे नाव असावे आणि खुद्द त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकणारा अधिकारी त्याचा ताबेदार नसावा.