बारशाआधी एवढं विचारा

सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या विटा-खानापूर भागातल्या घरांना एक विनंती आहे. बारसं जवळ आलं की मोबाइलवरची यादी उघडून त्यातल्या अर्थावर विसंबू नका. नाव कुणाचं होतं, कुठून आलं, ते आधी विचारा.

केरळात दुकान असलेल्यांना झेवियर नावाचा शेजारी किंवा गिऱ्हाईक भेटलंच असेल. याद्यांमध्ये या नावापुढे 'तेजस्वी' असं लिहिलेलं आढळतं. पण झेवियर हे मुळात आडनाव, आणि त्याच्याही आधी एका जागेचं नाव. आजच्या उत्तर स्पेनमधल्या नवारा भागात, झेवियरच्या गढीत 1506 साली संत फ्रान्सिस झेवियर जन्मले. तिथल्या बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवं. हे जोडनाव बोलता बोलता झिजलं आणि झेवियर झालं. अर्थाने पाहिलं तर आपल्याकडच्या नवघरे आडनावाचं ते भावंडच.

फ्रान्सिस यांच्या वडिलांचं नाव हुआन दे हासो. गढी मात्र आईच्या, मारियाच्या वारशातली. म्हणजे जगभर गेलेलं हे नाव आईकडून आलेलं आहे! मला हे फार मोलाचं वाटतं. आपण घराण्याची चौकशी करतो ती बहुतेक वडिलांच्या बाजूने. पणजीचं माहेर कोणतं, हे किती घरांत ठाऊक असतं?

फ्रान्सिस 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरले, दक्षिणेच्या किनाऱ्यावर फिरले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. त्यांचं पार्थिव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. दर 3 डिसेंबरला तिथं फेस्त असतं. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळालं. भाविक आपल्या मुलांना त्यांचं नाव देत राहिले, कुणी फ्रान्सिस, कुणी झेवियर. रेणावीच्या रेवणसिद्धावर श्रद्धा असलेलं घर मुलाला रेवण म्हणतं, तसंच हे.

परमुलखात वाढणाऱ्या आपल्या पोरांना त्यांच्या नावा-आडनावाची अशी हकीकत कोण सांगणार? शेजारचं पोर संताचं नाव सांगेल आणि आपलं पोर मोबाइल दाखवेल, असं होऊ देऊ नका. दिवाळीला, जत्रेला गावी आलात की थकल्या माणसांजवळ बसा. आडनाव गावावरून पडलं, कामावरून की वतनावरून, ते विचारा. बाळाचं नाव कुणी सुचवलं, कुणाच्या आठवणीने ठेवलं, आत्याने पाळण्याशी काय सांगितलं, सगळं वहीत तारखेसकट उतरवा. कळलं नाही तिथं कोरी जागा ठेवा. कल्पनेने भरू नका. आणि आजी-पणजीच्या माहेराकडची नावं आधी लिहून घ्या. ती सांगणारी माणसं घरात थोडीच उरली आहेत.