वुजूचं पाणी कुठे जातं?

जालन्यात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. आलं की ड्रम, टाक्या, घागरी भरून ठेवायच्या, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. याच शहरात मे महिन्यात, भर दुपारी, एका कार्यालयाच्या हिरवळीवर पाइप सोडून दिलेला मी पाहिला. निम्मं पाणी उन्हात उडत होतं, उरलेलं फाटकातून रस्त्यावर वाहत होतं.

माळ्याला दोष देत नाही. जमीन ओली दिसली की आपणही खूश होतोच. पण रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की गवत पिवळं पडतं. त्यापेक्षा पहाटे, दोन-तीन दिवसांआड, पण खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. खुरप्याने चार बोटं उकरून पाहावं. आत ओल असेल तर पाइपला हात लावू नये.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा मीटरच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तरी पाचशे लिटर होतात. एवढ्यात चार-पाच माणसांचं घर दिवसभर चालतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात हिरवळीची हौस नको, कडुलिंब लावा.

पाणी कसं द्यावं हे आपल्या मोसंबीवाल्या शेतकऱ्याला विचारा. तो झाडाभोवती दुहेरी आळं करतो. बुंध्याला पाणी लागू देत नाही, कारण बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या रोग येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरचं पाणी विकत घेऊन त्याने बागा जगवायची धडपड केली, तरी कितीतरी बागा जळाल्या. थेंबाची किंमत त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

आता आपल्या घरात डोकावू. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. पैगंबर साहेब (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वुजू करत, हेही ऐकतो. मग उठून नळ पूर्ण सोडतो. मी एकदा नळाखाली बादली ठेवून माझाच वुजू मोजला. पाच लिटरच्या जवळपास भरलं. लाज वाटली.

शंभर नमाजी धरले तर एका वक्ताचं पाचशे लिटर पाणी गटारात जातं, वरच्या हिरवळीइतकंच! हे पाणी नापाक नसतं. त्याने पुन्हा वुजू होत नाही, एवढंच. साबणही त्यात नसतो. मशिदीच्या नाल्याला एक पाइप जोडून ते आवारातल्या झाडांच्या आळ्यात सोडायला किती खर्च येईल? आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल टिकेल.

दुसऱ्याच्या हिरवळीवर बोट दाखवण्याचा हक्क मला आहे. पण आधी माझा नळ बारीक व्हायला हवा आणि माझ्या मोहल्ल्याच्या मशिदीचं पाणी झाडापर्यंत पोहोचायला हवं. येत्या जुम्म्याला मी कमिटीपुढे हा विषय मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या मशिदीत मांडा.