दोन्ही बाजूंचे वकीलपत्र

आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेचा विषय फलकावर लागला की पहिला प्रश्न असतो, ‘तू अनुकूल की प्रतिकूल?’ एकदा बाजू ठरली की दुसरीकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा आमचा शिरस्ता. गेल्या वर्षी ‘फाशीची शिक्षा रद्द व्हावी’ या विषयावर मी अनुकूल बोललो. टाळ्या भरपूर पडल्या. व्यासपीठावरून उतरल्यावर आमच्या एका सरांनी शांतपणे विचारले, “ज्याच्या मुलीचा खून झाला, त्या बापाला काय सांगशील?” मी गप्प. तो प्रश्न माझ्या बाजूचा नव्हता ना!

हे आठवले ते विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्रामुळे. त्याने मला मानवी हक्कांवरील एका अभिरूप न्यायालय स्पर्धेची माहिती सांगितली. प्रिटोरिया विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने २००९ मध्ये ती सुरू केली. आज ती नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखली जाते आणि जिनिव्हात होते. खटला काल्पनिक देशातला, कायदा मात्र खरा. गंमत अशी की दोघांच्या संघाने दाद मागणाऱ्याची बाजू मांडायची आणि सरकारचीही. लेखी युक्तिवादसुद्धा दोन्ही बाजूंचे द्यायचे. शिवाय न्यायाधीश मध्येच अडवून प्रश्न विचारतात. पाठ केलेले भाषण तिथे दोन मिनिटेही टिकणार नाही.

याच केंद्राची आफ्रिकेपुरती स्पर्धा त्याहून जुनी. ती १९९२ मध्ये हरारे येथे सुरू झाली. तेव्हा आफ्रिका खंडाला मानवी हक्कांचे न्यायालयच नव्हते! त्याचा करार १९९८ मध्ये झाला, २००४ मध्ये तो अमलात आला आणि न्यायालय टांझानियातील अरुशा येथे बसले. म्हणजे तालीम आधी झाली आणि रंगमंच मागाहून बांधला. (सुरुवातीची वर्षे हक्कांची भाषा करायची तीही जुन्या साहेबांच्याच भाषांत, हे मला खटकते, पण तो वेगळा विषय.)

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीला हा सगळा प्रकारच पटला नाही. “छळ करणाऱ्या सरकारची वकिली करायला शिकायचे आणि त्याला मानवी हक्क म्हणायचे? ही तर जीभ भाड्याने देण्याची विद्या!” आक्षेप खोटा नाही. अशी विद्या विकून मोठे झालेले वकील कोणत्या गावात नाहीत?

तरीही मला रिव्होनिया खटल्याचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. १९६३-६४ मध्ये मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर घातपाताचा आरोप होता. कायदा सरकारचा, न्यायालय सरकारचे, आणि घातपाताची योजना आखल्याचे मंडेलांनी स्वतःच नाकारले नव्हते. बचावाचे प्रमुख वकील होते ब्रॅम फिशर. ते गोरे आफ्रिकानर. आजोबा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान, वडील न्यायाधीश. राज्यकर्ते कसा विचार करतात, कशाला भितात, हे त्यांनी घरातच पाहिले होते. फाशी टळली, जन्मठेप झाली. त्याचे श्रेय एकट्या वकिलाला देणे भाबडेपणाचे होईल, जगाचाही दबाव होताच. पण विरुद्ध बाजू आतून ओळखणारा माणूस आरोपींच्या बाजूला उभा होता, हे काही थोडे नव्हे. पुढे १९६६ मध्ये फिशर यांनाही जन्मठेप झाली. यांनी जीभ भाड्याने दिली असे कोण म्हणेल?

म्हणून माझी सूचना अशी, की पुढच्या वर्षी आपल्या स्पर्धेत बाजू निवडू देऊ नये. प्रत्येक जोडीने दोन्ही बाजूंनी बोलावे आणि परीक्षकांनी मध्येच प्रश्न विचारावेत. टाळ्या कमी पडतील, काही नामांकित वक्ते नावही देणार नाहीत. न देवोत!

मी सुरुवात केली आहे. त्या बापाच्या बाजूने लिहायला बसलो आहे. दोन पाने झाली. तिसऱ्यावर माझ्याच गेल्या वर्षीच्या भाषणाला उत्तर द्यायचे आहे, आणि तिथे गाडी अडली आहे.