नास्तिक कोणाला म्हणता?



दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "आजीसाठी आम्ही एवढी रोझरी केली, तरी ती गेली. मग देव ऐकतो कशावरून?" हे बाहेर कळले आणि मिस्सा झाल्यावर दोघातिघांनी त्याला 'नास्तिक' ठरवून टाकले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

आपण हा शब्द किती सहज वापरतो! मिस्साला न येणारा नास्तिक, प्रश्न विचारणारा नास्तिक, बुवाबाजीविरुद्ध बोलणाराही नास्तिक. जुन्या दर्शनांत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. चार्वाकांबरोबर जैन आणि बौद्धही त्यात आले. त्या मापाने तुम्ही-आम्हीही नास्तिकच! दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरातल्या जमावाने ख्रिस्ती लोकांना देव न मानणारे म्हणूनच आरडाओरडा केला आणि वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांचा बळी घेतला. आपल्या रक्तसाक्ष्यांवर मारलेला शिक्का आपण आपल्याच लेकरांवर मारायचा?

शिक्क्याची सवय वाईट. येळ्ळूरहून कोल्हापूर लांब नाही, धारवाडही नाही. २०१५ मध्ये तिथे कॉ. गोविंद पानसरे आणि डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची मते पटोत न पटोत, त्यांना उत्तर शब्दांनी द्यायला हवे होते.

नेमके शब्द आहेत, ते वापरा. देव नाही असे मानतो तो निरीश्वरवादी. आहे की नाही हे कळणे शक्य नाही म्हणतो तो अज्ञेयवादी. ज्याचा विश्वास डळमळला तो संशयी. तो अजून देवाशी भांडतो आहे, म्हणजे नाते तुटलेले नाही.

"मग श्रद्धेचे रक्षण कोणी करायचे?" असे कोणी विचारील. रक्षण करूच, पण शिव्या देऊन नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निरीश्वरवाद ही गंभीर गोष्ट मानली. पण श्रद्धावंतांचे वागणेही त्याला कारण होऊ शकते, हेही स्पष्ट सांगितले.

संत थोमा आठवा. बाकीचे शिष्य सांगत होते, तरी त्याने मानले नाही. आठ दिवसांनी तो कुठे होता? त्यांच्यातच! त्याला कोणी हाकलले नव्हते, म्हणूनच प्रभू आला तेव्हा तो घरात होता.

आपला थोमा आज घराबाहेर आहे. ज्यांनी त्याला नाव ठेवले, त्यांनी या आठवड्यात त्याच्या दारी जावे, आजीची चौकशी करावी आणि तो शब्द मागे घ्यावा. मीही सोबत येईन.